बाबांच्या मागे खुर्ची

३ मार्च, सोमवार
कालच्या नोंदीत दुरुस्ती. बाबांना हॉस्पिटलात नको, घरीच व्यायाम करायचाय, असं मी लिहिलं. ते तसं म्हणाले नव्हते. म्हणाले, तुला बरं वाटेल तसं करू. अर्थ तोच, पण शब्द बदलू नयेत.
हार्ट अटॅकनंतर रिहॅब लागतंच. डॉक्टर म्हणाले, हॉस्पिटलात या किंवा घरी करा, नियमित केलंत तर दोन्ही चांगलं. नियमितपणात मला कोण हरवणार? तिथे एवढ्या पेशंटांमागे एक फिजिओ. इथे एका पेशंटमागे अख्खी मी.
ऑफिसातून रजा घेतली. नव्या शाखेची जबाबदारी मॅडमनी महिनाअखेरपर्यंत माझ्यासाठी राखून ठेवलीय. तोवर बाबा ठणठणीत.

५ मार्च, बुधवार
स्वयंपाकघर ते गॅलरी चालणं सुरू. मागून मी, हातात प्लास्टिकची खुर्ची. दम लागला तर पटकन बसता यावं. शेजारच्या काकू दारातून म्हणाल्या, अगंबाई, राजाच्या मागे सिंहासन निघालं! दुर्लक्ष केलं.
नियम असा की चालताना बोलता यायला हवं, पण गाता येता कामा नये. म्हणजे श्रम बेताचे. बाबा शिंपी. तोंडात टाचण्या धरून जन्म गेला, बोलायची सवय नाही. मी प्रश्न विचारत राहिले. शेवटी म्हणाले, पोरी, हा व्यायाम आहे की उलटतपासणी? वाक्य पूर्ण, धाप नाही. छान.

८ मार्च, शनिवार
आई बाबांना बाजारात घेऊन गेली. मी खुर्ची घेऊन येते म्हटलं. आई म्हणाली, नको, लोक भाव विचारतील.
परतले ते घामाघूम, पण खूश. पिशवीत फक्त लिंबं. एवढ्यासाठी एवढा वेळ? मोकळी हवा मानवते, एवढं मात्र खरं. माझ्या व्यायामाचाही गुण येतोय.

१३ मार्च, गुरुवार
बाबा चालताना गायला लागले! नियमाप्रमाणे वेग वाढवायला हवा. वाढवला नाही. प्रसन्न मन हेच औषध. माझी पाठ धरलीय.
मॅडमचा फोन. सोमवारी येतेस का? म्हटलं, माझ्याशिवाय बाबांना पाऊल टाकवत नाही. फोन ठेवल्यावर आठवलं, ते आजही बाजारात गेलेत. पण आईबरोबर. म्हणजे वाक्य साधारण खरंच.

१७ मार्च, सोमवार
आज ऑफिसला निघालेच होते. चपला घातल्या. बाबांनी दार उघडून धरलं आणि शिंकले. परत आत आले. आई म्हणाली, अगं, शिंक नाकातून येते. जोखीम कोण घेणार? मॅडमना कळवलं, पुढच्या सोमवारी नक्की.
दिवसभर तीन माणसं, तीन खोल्या. थोड्या थोड्या वेळाने मी विचारते, बरं वाटतंय ना? बाबा म्हणतात, हो. मग आतून आई ओरडते, मलाही वाटतंय!

२० मार्च, गुरुवार
बाबांच्या मोबाइलवर हॉस्पिटलच्या फिजिओबाईंचा फोन. बाबा आंघोळीला, म्हणून मी घेतला. म्हणाल्या, आमच्या बॅचमध्ये तुमचे वडील सगळ्यांत तयार, उद्या शेवटचा दिवस, घरच्यांनी यावं. म्हटलं, राँग नंबर. त्यांनी बाबांचं नाव सांगितलं, दुकानही सांगितलं. मग आवाज खाली आणून विचारलं, तुम्हीच ना ती मुलगी? आता बरं आहे ना? बाबा सांगतात, पोरीनं धास्ती घेतलीय, म्हणून घरी तिला रोज थोडं चालवतो.
म्हणजे बाजार हा बाजार नव्हता.

२१ मार्च, शुक्रवार
जाब विचारला. आई म्हणाली, हॉस्पिटल म्हटलं की तू पांढरीफटक पडायचीस, काय सांगणार? बाबा म्हणाले, पण तुझी प्रगती चांगली आहे हो. आधी धापा टाकायचीस, आता चालता चालता भांडतेस.
रागावले नाही. राग हृदयाला वाईट. कुणाच्या, ते लिहीत नाही.
एकूण घरचा कार्यक्रम यशस्वी झाला.
बाबा सोमवारी दुकान उघडणार. मॅडमना मीही सोमवारच सांगितलाय, पण दोघांनी एकाच दिवशी बाहेर पडणं बरं दिसत नाही. ते दमून येतील, घरी कुणीतरी हवं. आई आहे म्हणा. तरी मी एक दिवस मागून घेतला. मॅडम म्हणाल्या, हा शेवटचा.
बाबांनी विचारलं, बसस्टॉपपर्यंत सोडायला येऊ का? म्हटलं, मी काय पेशंट आहे?
मग म्हटलं, कोपऱ्यापर्यंत या. मंगळवारी, २५ मार्चला.