खिटी पाडणारी

सोमवार, ३ नोव्हेंबर

क्लबवाले आज पुन्हा आले. तिघं! दाढीवाला, कॅमेरावाला आणि अध्यक्ष. जुनी इंजिनं चालती ठेवणारा क्लब म्हणे! पितळ घासतात, फोटो काढतात, चहा ढोसतात. चालती ठेवायचे ते हे एकटेच. अर्धांगाचा झटका आला त्यात ह्यांचा उजवा हात गेला, बोलणंही गेलं. तीन महिने झाले. मागच्या शेडमधलं डिझेल इंजिनही तेव्हापासून गप्प.

कागदोपत्री इंजिन क्लबचं. अध्यक्ष म्हणाला, "रविवारपर्यंत सुरू झालं तर राहू दे इथंच. नाहीतर वहिनी, रंग देऊन आमच्या फाटकाशी मांडू." शोभेला! कुंडीसारखं! हे आतून सगळं ऐकत होते.

बुधवार, ५

हँडल मारून मारून दाढीवाल्याला धाप लागली. इंजिन ढिम्म! आतला दाब सोडणारी डोक्यावरची खिटी वर करून चाक फिरवायचं, वेग आला की खिटी पाडायची — एवढंच तर काम. हे शहाणे दम संपल्यावर पाडतात आणि वर एकमेकांना शिकवतात. मी म्हटलं, थंड इंजिनाला आधी वरच्या वाटीत चमचाभर तेल लागतं. अध्यक्ष हसला — "वहिनी, तुम्ही चहाचं बघा."

बघितलं. बिनसाखरेचा दिला.

गुरुवार, ६

मला त्या धुडाचं काडीचं कौतुक नाही. एकतीस वर्षं ह्यांच्या शर्टांचं डिझेल धुतलंय. दर रविवारी हे हँडल मारणार, मी खिटी पाडणार आणि हे ओरडणार — "घाई केलीस!" नाहीतर "उशीर केलास!" एकदासुद्धा "बरोबर" नाही. त्यापेक्षा सवत परवडली असती, तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

शनिवार, ८

हे दोन दिवस जेवले नाहीत. भिंतीकडे वळून पडलेत. ते लोखंड गेलं तर हेही जातील. भीती वाटते.

रविवार, ९

अध्यक्ष टेम्पो घेऊनच आला! मी सरळ शेडमध्ये गेले, वाटीत तेल घातलं, खिटी धरली. दाढीवाल्याला म्हटलं, "फिरवा. मी पाडेपर्यंत थांबायचं नाही."

"अहो वहिनी —"

"तुम्ही चहाचं बघा!"

चाक घुमायला लागलं. पाडली. एक धक्का, काळा धूर, परत धक्का — आणि धाड् धाड् धाड्! कॅमेरावाला फोटो काढायचा विसरला. टेम्पो रिकामा गेला. ह्यांच्या खोलीची खिडकी मी मुद्दाम उघडी ठेवली होती.

सोमवार, १०

सकाळी ह्यांना चहा पाजत होते. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. अडखळत, पण स्पष्ट — "घाई... केलीस."

चहा सांडला. रडले. मग भांडले, अगदी पोटभर!