पिशवीतले तीन फ्यूज

बाबा, आज सकाळी गावची तीन माणसं माझ्या पिपरी मेघेच्या घरी आली आणि त्यांनी तुमचा फोटो मागितला, म्हणून हे लिहिते आहे. गावात नवं उपकेंद्र होतंय, उद्घाटनाला तुम्हाला हार घालायचा आहे. तुमच्या मृत्यूच्या चौकशीत याच माणसांनी सांगितलं होतं, की लाइनमन घाईत फ्यूज न काढताच खांबावर चढला. कागदावर तुम्ही अजून निष्काळजी आहात. हाराला मात्र चालता.

वीज नवी होती तेव्हा बाया दिवेलागणीला बल्बला हात जोडायच्या, आणि हुरड्याचं पहिलं कणीस तुम्हाला मिळायचं. मी लहान आहे, तुमच्या खाकी पिशवीतला चिनीमातीचा फ्यूज भातुकलीत मांडते आणि हातावर फटका बसतो. "चढनाऱ्यानं डीपीचे फ्यूज काढून आपल्याजवळच ठेवाचे असते, बाई. माहा जीव वर, अन् त्याची चाबी या पिशवीत."

त्या दिवशी पिशवी तुमच्या देहासोबत घरी आली. आत तिन्ही फ्यूज होते. म्हणजे डीपीच्या रिकाम्या खाचांत कोणीतरी नुसती तार अडकवली होती, आणि तुम्ही पडल्यावर ती काढून दुसरे फ्यूज बसवले. मोठ्या तारा आपल्या शेतांवरून शहरांकडे जातात आणि गावाला दिवसातले चार तास मिळतात, याचाही मला संताप आहे. पण तार काही शहराने अडकवली नाही.

"कोनी मुद्दाम केलं काय, ताई? पान्याबिना गहू वाळून राह्यला होता," त्यांच्यातला म्हातारा आज बोलून गेला.

"आता जुनं काऊन उकरता?" दुसऱ्याने चहा फुरकला. "मोठे साहेब येऊन राह्यले. फोटो चांगला पाहून द्याजा."

"तार कोणी लावली?" मी विचारलं. तिघांनी कपबशा खाली ठेवल्या. मी दार उघडून उभी राहिले.

चौकशीच्या दिवशी ते फ्यूज माझ्या पर्समध्येच होते, बाबा. आई म्हणाली होती, "मले याच गावात राहाचं हाये." मी गप्प बसले. पण आई जाऊनही पाच वर्षं झाली; त्यानंतरचं गप्प बसणं माझं एकटीचं.

दुपारी तुमच्या जुन्या कचेरीत गेले. कारकून म्हणाला, "मॅडम, याचं आता काय करू?"

"आवकमध्ये चढवा."

पोच या पत्राला टाचून कपाटात ठेवते आहे. तीत लिहिलंय: चिनीमातीचे फ्यूज, नग तीन. खाकी पिशवी, नग एक. फेरचौकशीचा अर्ज, एक. वस्तू आजवर दडवून ठेवणारी: मुलगी.