पेशंटपुढचं चिन्ह

१४ मार्च, संध्याकाळ

प्रिय चिमणे,

आशीर्वाद आहेतच, ते गृहीत धर. मी बरी आहे. चष्म्याचा नंबर वाढलाय आणि खालच्या मजल्यावरच्यांनी पुन्हा ड्रिल मशीन बाहेर काढलंय. दुपारी आईचा फोन आला होता. अर्धा तास तुझंच पुराण. तू पेशंटना रिपोर्ट पाठवणारा हॉस्पिटलचा प्रोग्रॅम एका चिन्हात सुधारलास, साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. "तुझ्यापुढे गेली हो ती," म्हणाली. मी म्हटलं, "जाऊ दे की." फोन ठेवला आणि घासलेली भांडी पुन्हा घासली.

माझ्या पोटात दुखतंय, चिमणे. त्यावर औषध नाही.

पीएचपी, ही प्रोग्रॅम लिहायची भाषा, तुला मी शिकवली, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. तू विचारायचीस, "ताई, आत वाढवलेला आकडा बाहेर शून्यच का?" मी सांगायचे, फंक्शन म्हणजे हवा तेव्हा चालवायचा कोडचा तुकडा, व्हेरिएबल म्हणजे माहितीचा डबा. फंक्शनने बाहेरचा व्हेरिएबल नुसता 'यूज' लिहून आत घेतला तर त्याला त्या क्षणाची प्रत मिळते. प्रतीचं काहीही कर, मूळ जागचं हलत नाही. पुढे & हे चिन्ह लाव, मग मूळच हाती येतं. काल ऑफिसात तू हेच केलंस आणि टाळ्या घेतल्यास. शिकवणारीचं नाव कोणी काढलं का?

आज सकाळी तू कोड पाठवलास. "ताई, नजर टाक ना, उद्या सुरू होतोय." मी उलट लिहिलं, "छान."

छान नाहीये. वाचतानाच दिसलं होतं मला. रिपोर्ट किती गेले त्या आकड्यापुढे & हवंच होतं. पण त्याच ओळीत तू ते पेशंटपुढेही लावलंस. यादीतला एकेक पेशंट घेत फिरणाऱ्या लूपमध्ये तुझी फंक्शनं नुसती तयार होतात, चालतात लूप संपल्यावर. तोवर त्या व्हेरिएबलमध्ये उरलेला असतो यादीतला शेवटचा पेशंट. उद्या त्या एकट्याला त्याचाच रिपोर्ट पुन्हा पुन्हा जाईल, बाकीच्यांना काहीच नाही, आणि तुझा आकडा म्हणेल, सगळ्यांना गेले. एकाच पेशंटवर तपासलंस ना? मग कसं कळणार.

दिवसभर मी गप्प बसले. पडू दे तोंडघशी, आईलाही कळू दे, असंच मनात होतं. मग आईच्या गाठीचा रिपोर्ट आठवला. तो येईपर्यंत आपण दोघी फोन मधोमध ठेवून बसलो होतो, जेवलोसुद्धा नव्हतो. उद्या तशी कितीतरी घरं बसलेली असतील.

पेशंटपुढचं & काढ. आत्ताच. आकड्यापुढचं राहू दे. मग निदान तीन पेशंट घेऊन तपास.

तुझं कौतुक झालं याचा मला आनंद नाही. पुढेमागे होईल, आज नाही. खोटं कशाला लिहू?

साहेबांना माझं नाव सांगू नकोस. आईला मात्र सांग.

अजून तरी तुझ्याहून मोठी,
ताई