नववा फर्मा

४ ऑगस्ट

घेतलं! पुस्तक घेतलं त्यांनी!

माझा फोन नेहमीप्रमाणे मेलेला, म्हणून प्रकाशकांनी शाळेच्या ऑफिसात फोन केला. मी "काय सांगता!" म्हणून अशी ओरडले की क्लार्कच्या हातून शिक्का पडला. मुख्याध्यापिकाबाई केबिनमधून धावत आल्या. "कोणी गेलं का हो?" नाही हो, आलं, म्हटलं, पुस्तक आलं! त्यांना वाटलं आठवीची पाठ्यपुस्तकं. जाऊ दे.

आत्मचरित्र! माझं! कथा लिहिल्या, सदरं लिहिली, बायकांच्या सभांमधून घसा फोडला, या शाळेत मुलींच्या पिढ्यांना निबंध लिहायला शिकवलं. पुढच्या उन्हाळ्यात निवृत्ती. आणि त्याआधी हे! प्रकाशक म्हणाले, "बाई, ते ‘घर’ प्रकरण वाचून मी खुर्चीतून उठलो. पुस्तकाचा जीव आहे तो. त्याला हात लावू नका."

दिवसभर पाय जमिनीला लागले नाहीत. आठवीला विशेषणं शिकवायची होती. सगळी मनातल्या मनात स्वतःलाच लावत होते.

घरी आल्या आल्या चपला न काढता पेन्सिलला मिठी मारली. ती म्हणाली, "आधी पिशवी खाली ठेव, दूध सांडेल." मग म्हणाली, "शुद्धलेखन एकदा बघितलंयस ना?" अशी ही बया! पण कान लाल झाले होते तिचे. मी बघितलं.

५ ऑगस्ट

सकाळी दात घासताना डोक्यात लख्ख उजेड पडला. पुस्तक छापणार कुठे? ती नोकरी करते त्याच प्रेसमध्ये. प्रूफं तपासणार कोण? पेन्सिल! माझं प्रत्येक पुस्तक तिच्याच टेबलावरून गेलंय. आणि ‘घर’ प्रकरणाबद्दल मी तिला चकार शब्द बोललेली नाही. पाचावर धारण बसली. पेस्ट गिळली.

कागदा, तुझ्यापाशी कसली लपवालपवी. पेन्सिल माझी आहे, मी तिची. ‘जोडीदार’ म्हणायचं तर तो शब्द मला बॅडमिंटनचा वाटतो. उंच, सडपातळ, अंबाड्यात कायम पेन्सिल खोचलेली, म्हणून पेन्सिल. दोघींचे केस काळे होते तेव्हापासून एका घरात राहतो. घरमालकीणबाईंना तेव्हा सांगितलं, मावसबहिणी. प्रेसमध्येही तेच. तिथे तिला सगळे ताई म्हणतात आणि मला ‘ताईंची मावसबहीण’. ती थाप अशी काही मुरलीय की घरमालकीणबाई म्हणतात, "नाकं बघा, अगदी एकसारखी!" डोंबल एकसारखी! तिचं धारदार, माझं बटाटा.

तर ‘घर’मध्ये मी सगळं लिहिलंय. आधी ‘एक मैत्रीण’ असं लिहिलं होतं. वाचताना दर वेळी त्या ओळीवरून घाईघाईने पुढे सरकायचे. मग एका रविवारी ती बाजारात गेली असताना बसले आणि सरळ लिहून टाकलं. इतकं बरं वाटलं की काय सांगू! ठरवलं होतं, आधी तिला दाखवायचं, मग पाठवायचं. पाठवलं. दाखवायचं राहिलं.

आज संध्याकाळी सांगते.

६ ऑगस्ट

नाही सांगितलं. तिचं डोकं दुखत होतं.

११ ऑगस्ट

शिक्षकखोलीत नुसता धुमाकूळ! ज्याला त्याला एकच पडलंय, मी आहे का हो त्यात? भूगोलाच्या बाई तर पाठच सोडत नाहीत. खेळाचे सर म्हणाले, "माझं पोट जरा आत घेऊन लिहा." मुख्याध्यापिकाबाई गंभीर. "माझ्याविषयी काही असेल तर छापायच्या आधी मला दाखवावं लागेल हं." मी छाती पुढे काढून म्हणाले, "अहो, हे काय सांगणं झालं? ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला विचारायचं, हे तर माझं तत्त्वच आहे!"

बोलले आणि जीभ चावली.

सगळी शाळा विचारतेय, मी आहे का, मी आहे का. घरी जी आहे ती विचारत नाही. तिने कधीच विचारलेलं नाही, एकाही पुस्तकाच्या वेळी.

१९ ऑगस्ट

पहिला फर्मा आला! म्हणजे पुस्तकाची पहिली सोळा पानं, जुळवून, तपासायला. पेन्सिलने आल्या आल्या झाडलं. "किती उद्गारचिन्हं गं ती! वाक्य संपलं की टाकलंच एक. निम्मी उडवू का?" एकही उडवायचं नाही, म्हटलं. मुली मला मागून ‘तोफ’ म्हणतात ते उगीच नाही! ती हसली. मग नेहमीचं तिचं. "मजकूर तुझा, चुका माझ्या. मजकुरात मी पडत नाही."

‘घर’ नवव्या फर्म्यात आहे. अनुक्रमणिका पाठ झालीय माझी.

२२ ऑगस्ट

निबंध दिला: ‘आमच्या घरी’. नेहमीचं भाषण ठोकलं. गाईडमधून उतरवाल तर शून्य देईन. आई काम करून दमते तर दमते लिहा, बाप ओरडतो तर ओरडतो लिहा. खरं लिहायला कोणाच्या बापाची भीती नाही! पोरी खूश. तेवढ्यात खिडकीजवळची बडबडी उठली. "बाई, तुमच्या घरी कोण कोण असतं?"

सबंध वर्ग माझ्याकडे टक लावून.

"मी आणि माझी मावसबहीण," मी म्हणाले. फाडकन आलं तोंडातून, विचारही करावा लागला नाही. त्यांनी वह्या उघडल्या आणि खरं लिहायला बसल्या. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. इतका संताप आला स्वतःचा! म्हणूनच लिहिलंय ना ते प्रकरण. त्याच्याशिवाय माझं सगळं पुस्तक म्हणजे फळ्यावरचा सुविचार आहे.

२४ ऑगस्ट

आज सांगणारच होते. अंडी करपली, त्यावरून वाजलं. राहिलं.

२८ ऑगस्ट

मुखपृष्ठ! पिवळंधमक! मला वाटलं होतं खुर्चीत बसलेली उदास बाई काढतील, गालावर हात ठेवून. बायकांच्या आत्मचरित्रावर दुसरं काय असतं? पण नाही, सताड उघडं दार काढलंय, आणि आतून चपला भिरकावल्यासारख्या. फोटो घेऊन घरभर नाचले. घरमालकीणबाई खालून ओरडल्या, "छत पडेल!" पेन्सिलने फोटो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. म्हणाली, "चपला तुझ्याच आहेत." मग बराच वेळ तो तिने टेबलावर आपल्यासमोरच ठेवला होता.

असं सुख चाललंय, आणि तिकडे पाच फर्मे झाले.

१ सप्टेंबर

सांगितलं.

सकाळी ती अंबाडा घालत होती. म्हणाली, "सातवा संपला. या आठवड्यात नववा." मी पलंगाच्या कडेवर बसले आणि बोलून टाकलं. सगळं, एका दमात. तिने पेन्सिल अंबाड्यात खोचली, परत काढली, हातात धरली.

"छापायला दिलंस?"

"हो."

"मला न विचारता."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे तुला माहीत होतं."

मी आपलं काहीतरी बरळले, आता काळ बदललाय, वाचून मुलींना बळ येईल. तिने बोलू दिलं सगळं. मग म्हणाली, "तू निवृत्त होणार. प्रकाशनाला टाळ्या घेणार. मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच टेबलावर जाऊन बसणार. त्याच माणसांबरोबर चहा पिणार. त्यांची मी ताई आहे. उद्या कोण असेन?"

दारात वळली. "बायकांच्या वतीने, बायकांना न विचारता बोलतात म्हणून पुरुषांना झोडपतेस ना तू? तुझी तीन पुस्तकं वाचलीत मी त्याच्यावरची. काना-मात्रा तपासलीय."

गेली. डबा विसरून गेली. ती कधी काही विसरत नाही.

२ सप्टेंबर

दिवसभराचं आमचं बोलणं: "मीठ दे." "गॅस बंद कर." एवढंच.

मला रागही आला, कागदा, खोटं कशाला लिहू? इतकी वर्षं मीच का जीभ चावायची? घरमालकीणबाईंच्या पुतणीची सोयरीक, शेजाऱ्याचं सातव्या महिन्याचं पोर, सगळ्यांचं सगळं जिन्यात उभं राहून ऐकायचं, आणि आमचं तेवढं मावसबहिणींचं! मी ओरडायला तोंड उघडलं. ती भांडी पुसत होती, पाठमोरी. खांदे कसे घट्ट धरलेले. मिटलं तोंड.

तिचं आयुष्य आहे ते. मी माझं समजून वाटून टाकलं.

३ सप्टेंबर

ठरलं. प्रकरण काढायचं. पुस्तकाचा जीव गेला तर गेला.

प्रकाशकांना फोन केला. ते आधी हबकले, मग चिडले, मग हळू आवाजात म्हणाले, "बाई, पुन्हा विचार करा." केला, म्हटलं. नववा फर्मा परवा सकाळी प्रेसमध्ये वाचतील, दुपारनंतर छापायला घेतील, तेव्हा परवा दुपारपर्यंत प्रेसला तसं लिहून द्या, म्हणाले.

संध्याकाळी पेन्सिलला सांगितलं. "काढतेय मी ते."

"बरं," ती म्हणाली.

मला वाटलं होतं जीव भांड्यात पडेल तिचा. जेवताना दोनदा मान वर करून माझ्याकडे बघितलं. काहीतरी ओठावर आलं होतं. मग म्हणाली, "सूप गार होतंय."

४ सप्टेंबर

निबंध तपासले. खिडकीजवळच्या बडबडीने लिहिलंय, तिची आई लॉरी चालवते आणि बाबा स्वयंपाक करतात, आणि हे ती बाहेर कोणाला सांगत नाही कारण हसतात. शेवटी लिहिलंय, "बाईंना सांगायला हरकत नाही." वहीवर डोकं ठेवून भरभरून रडले. भूगोलाच्या बाईंनी पाणी आणून दिलं आणि पाठीवर हात फिरवत विचारलं, "माझं प्रकरण काढलं का हो त्यांनी?" रडता रडता हसायला आलं!

५ सप्टेंबर

मधल्या सुट्टीत ‘प्रकरण काढावे’ असं लिहिलेला कागद घेऊन प्रेसमध्ये पळाले. दारातच थिजले. पेन्सिल नेहमी एकटी, मनात वाचते. तिथले बाकीचे जोडीने वाचतात, एक जण मूळ प्रत मोठ्याने, विरामचिन्हांसकट, आणि दुसरा प्रूफवर बोट ठेवून. आतून मॅनेजरांचा खर्जातला आवाज येत होता. "ती माझी मावसबहीण नाही पूर्णविराम मी तिची आहे स्वल्पविराम ती माझी आहे उद्गारचिन्ह..." मशीनवरचे दोघे हात पुसत उभे राहून ऐकत होते. आणि पेन्सिल आपल्या टेबलावर, मान खाली, दहाव्या फर्म्यात!

"तू का नाही वाचत?" मी कशीबशी कुजबुजले.

ती कुजबुजली नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "त्यात मी आहे. स्वतःवरचा मजकूर स्वतः तपासायचा नसतो, चुका सुटतात. सकाळीच सांगितलं मी यांना."

मॅनेजरांनी चष्मा कपाळावर चढवला. माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. घसा खाकरला. "ताई, चहा सांगतोय. यांनाही सांगू ना?"

"सांगा," ती म्हणाली. "तिला साखर कमी."