कपाट, अर्धं घर आणि माझी न झालेली सही

...आणि बाबा, पुन्हा फोनवर "आधी सही, मग बोलणं" असं ओरडू नका. ओरडून कागदावर शाई उमटत नाही. तीन आठवडे तुमचं एकच पालुपद चाललंय, घरात लग्न आहे, मला मरायला वेळ नाही. तुम्हाला वेळ नाही म्हणून मृत्युपत्र मी करतोय. घरात कुणीतरी ते करायला हवंच होतं.

तर लिहून ठेवतो ते असं. मी, वय वर्षे चोवीस, शिक्षण सातवी, धंदा सुतारकाम, मुक्काम घरापासून दोन दिवस आणि दोन रात्रींच्या अंतरावर, उंच इमारतींच्या शटरिंगवर, म्हणजे सिमेंट ओतण्याआधी लाकडी साचे ठोकण्याच्या कामावर. हे मृत्युपत्र मी पूर्ण शुद्धीत, एक थेंबही न पिता, कुणाच्या दबावाला बळी न पडता लिहीत आहे. दबाव आणणारा माणूस सध्या हॉलमधल्या खुर्च्या मोजतोय, त्याचा हात इथवर पोचत नाही. तब्येत ठणठणीत आहे. पण सोमवारपासून आमची टोळी बाविसाव्या मजल्याच्या वर चढणार, आणि त्याआधी ऑफिसातला कारकून प्रत्येकाकडून लिहून घेतो की पडलास तर भरपाई कुणाला द्यायची. तो म्हणाला, "एका ओळीत लिही." मी म्हटलं, "साहेब, आमचं घर एका ओळीत मावत नाही." कायद्याची वाक्यं त्याची, बाकीची माझी. काही त्याने खोडायला लावली. ती मी खाली पुन्हा लिहिली आहेत.

कलम पहिलं. अर्धं घर.

रस्त्यावरून पाहिलं तर आमच्या घराचा डावा अर्धा भाग, म्हणजे खाली करवतीची शेड आणि वर माडीची खोली, बाबांच्या वडिलांनी म्हणजे माझ्या आजोबांनी हयातीतच माझ्या नावाने करून दिला. का दिला ते तिसऱ्या कलमात येईल. आजवर त्या खोलीकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता ती एकदम सगळ्यांना हवीशी का झाली, ते लिहून ठेवणं भाग आहे, कारण बाबा ते कुणाला सांगणार नाहीत.

ताईचं लग्न ठरलं. मुलगा दुसऱ्या गावी बॅटऱ्या दुरुस्त करतो, तिथे त्याने दोन खोल्या भाड्याने घेऊन ठेवल्या. ताई इथे चष्म्याच्या दुकानात कामाला, तिथेही तिला तसंच काम मिळत होतं. सगळं जुळलं होतं. पण बाबांना मुलीला नुसतं पाठवायचं नव्हतं, गाजवून पाठवायचं होतं. म्हणून कपाट. तीन दारांचं, आरशाचं, आत चोरकप्पा असलेलं. शेडमध्ये गिऱ्हाइकांची कामं पडलेली, म्हणून त्यांनी ते माझ्या खोलीत करायला घेतलं. सगळे सांधे सरस लावून, खुंट्या ठोकून कायमचे बसवले. एक स्क्रू नाही. मापं टेपने नाहीत, वितीने. गिऱ्हाइकासमोर पंजा ताणून दाखवायची त्यांची जुनी खोड आहे, "या वितीत सुताची चूक दाखव, मिशी उतरवतो." दोन महिने खपले. उंची मोजली, खोली मोजली, ताईच्या साड्यांच्या घड्या मोजल्या. दार तेवढं मोजलं नाही.

पुढचं आईने फोनवर सांगितलं. सांगताना ती हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही, तिलाही कळलं नसेल. चार माणसं लावली. "तिरकं धरा!" "अहो, तिरकंच धरलंय!" "मग सरळ धरा!" कपाट दारात अर्धं आत, अर्धं बाहेर, आणि एक माणूस आतल्या बाजूला कोंडलेला. नेमके तेव्हाच व्याही खुर्च्यांचं विचारायला आले. जिन्याखाली उभे राहून म्हणाले, "काय हो, अडकलं वाटतं?"

आमच्या बाबांना अडकलं म्हणता येत नाही. ते वरून म्हणाले, "अडकतंय कसलं! ते इथेच ठेवायचंय. पोरगी आणि जावई इथेच राहणार, माडीवर. आमचं ठरलंय."

कुणाचं ठरलंय? ताई तेव्हा दुकानात होती. जावई बॅटऱ्यांत होता. आई जिन्यात होती, तिलाही तेव्हाच कळलं.

व्याहीही काही कच्च्या गुरूचे चेले नाहीत. म्हणाले, "चालेल की. पण आमचा मुलगा परक्या छपराखाली राहणार नाही. तो भाग त्याच्या नावावर करून टाका, लग्नाआधी." बाबा म्हणाले, "उद्या करतो." आणि मग त्यांना आठवलं की तो भाग त्यांचा नाहीच.

अशा रीतीने एका वितीएवढ्या चुकीपायी माझं अर्धं घर जावयाला निघालं.

त्यानंतर बाबांनी ताईला माझ्याशी बोलायला लावलं. ती आधी मोठ्याने म्हणाली, "भुंग्या, बाबा म्हणतायत सही करून टाक." (भुंगा हे माझं आजोबांनी ठेवलेलं नाव. एका जागी बसत नाही आणि लाकूड पोखरतो म्हणून.) मग चपला वाजल्या, बाबा खुर्चीवाल्याशी भांडायला बाहेर गेले, आणि तिचा आवाज खाली आला.

"सांगितलं मी त्यांचं. आता माझं ऐक. सही करू नकोस."

"लग्न मोडेल."

"सत्तावीस वर्षं या घरात काढली रे. उठल्यापासून त्यांची हाक, झोपेपर्यंत त्यांची हाक. मला वाटलं होतं एकदा दार ओलांडलं की सुटले. आता नवरासुद्धा इथेच आणून बांधतायत."

"त्याला सांग ना."

"सांगितलं. तो म्हणतो, वडील ठरवतील ते."

"वा! म्हणजे एक बाबा कमी होते म्हणून दुसरा शोधलास."

"टोचून बोल. पण सही करू नकोस."

सबब मी जाहीर करतो की हयातीत मी या हिश्शाच्या कुठल्याही कागदावर सही करणार नाही. माझ्यामागे हा संपूर्ण हिस्सा ताईला एकटीला मिळावा. तिच्या नवऱ्याला नाही, सासऱ्याला नाही आणि बाबांना तर मुळीच नाही. ताईने तिथे राहिलंच पाहिजे असं नाही. खोली भाड्याने द्यावी, नाहीतर कबुतरांना द्यावी.

कलम दुसरं. सदर कपाट.

ते माझ्या खोलीत आहे, पण माझं नाही. बाबांनी ते स्वतःच्या हाताने, व्याह्यांच्या देखत, वरपासून खालपर्यंत, दोन दारांच्या मधल्या फटीतून कापावं. दोन भाग जिन्यातून आरामात उतरतात. पलीकडे नेऊन आतून लोखंडी पट्ट्या मारल्या की कुणाला कळणारही नाही. हे मला दोन दिवसांच्या अंतरावरून कळतं, तर चाळीस वर्षं सुतारकी केलेल्या माणसाला पहिल्याच मिनिटाला कळलं असणार. पण कापलं की वीत चुकली असं होतं. मुलगी जन्मभर त्या खोलीत कुजली तरी चालेल, वीत चुकता कामा नये.

माझा स्टीलचा टेप, पाच मीटरचा, मी बाबांना देत आहे. तो वापरायला मृत्यूची वाट पाहू नये.

कलम तिसरं. करवत.

शेडमधली मोठी गोल करवत माझ्या हिश्शात येते. मी चौदा वर्षांचा असताना बाबांनी तिचं वरचं झाकण काढून टाकलं होतं, कारण झाकणाने काम हळू होतं आणि तेव्हाही त्यांना मरायला वेळ नव्हता. माझ्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट त्या दिवशी गेलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं कसं झालं. बाबा म्हणाले, "पोरगं मस्ती करत होतं, नको तिथे हात घातला." ताई दारात उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं, फळी धर म्हणून मला हाक कुणी मारली तेसुद्धा. डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. तिने फरशीकडे बघितलं.

आजोबा एवढंच म्हणाले, "मस्ती कुणाची ते मला माहीत आहे." आणि महिन्याभरात अर्धं घर माझ्या नावावर झालं. म्हणजे बोटामागे पाव घर. भाव वाईट नाही.

माझ्यामागे ती करवत भंगारात जावी. बाबांना हवी असेल तर भंगारवाल्याकडून विकत घ्यावी. झाकण त्यांच्याकडे आहेच, आई त्यावर पापड सोडून सगळं वाळवते.

कलम चौथं. माझा हात.

हे कलम कारकुनाने दोनदा खोडायला लावलं. बाबांनी व्याह्यांना सांगितलंय की मुलगा इंजिनिअर आहे, मोठमोठ्या इमारती बांधतो. बांधतो हे खरं आहे. म्हणून मला फोनवर सांगितलं, "तू येऊ नकोस. हात खिशात घालून किती वेळ उभा राहशील? इंजिनिअरची बोटं कापलेली असतात का?" मी म्हटलं, "बहिणीचं लग्न आहे." ते म्हणाले, "म्हणूनच सांगतोय." आणि मागे वळून कुणाला तरी, "अरे, त्या लाल खुर्च्या पुढे नको, मागे लाव!" माझं येणं आणि लाल खुर्च्या, दोन्ही एका दमात निकालात काढली.

तर माझा मृत्यू झाल्यास आणि देह घरी पोचल्यास, तो चादरीने झाकताना डावा हात बाहेर ठेवावा. पंजा वर, बोटं पसरून. येणाऱ्या प्रत्येकाला तो दिसला पाहिजे. बाबांनी उशाशी उभं राहावं, आणि ज्याने विचारलं कसं झालं, त्याला उत्तर द्यावं. त्या दिवशी त्यांना दुसरं काम नसेल अशी आशा आहे.

कलम पाचवं. भरपाई आणि अवजारं.

पडलो तर कंपनीची सगळी भरपाई आईला. आईने ती बाबांना दाखवू नये. तिने आयुष्यात बाबांपासून एवढी एकच गोष्ट लपवावी, जमेल तिला. तेवढ्या पैशात तिला दाढा बसवून घेता येतील, तीन वर्षं ती एका बाजूने चावते आहे. बाबांना विचाराल तर कोणत्या बाजूने ते सांगता येणार नाही.

पटाशा, रंधा आणि गुण्या इथे माझ्याबरोबर चाळीत राहणाऱ्या क्रेनवाल्याला. त्याला सुतारकाम येत नाही, पण त्याने माझ्या वस्तूला कधी न विचारता हात लावला नाही. आमच्या घरात असा माणूस झाला नाही.

जावयाला काही नाही. एक सल्ला फुकट देतो. "वडील ठरवतील ते" हे वाक्य ताईसमोर पुन्हा म्हणू नये. त्या वाक्यात ती वाढली आहे, तिला ते पाठ आहे.

कलम सहावं. ताई.

तू दवाखान्यात गप्प बसलीस, दहा वर्षं झाली. मी ते विसरलो नाही आणि माफही केलेलं नाही. माफ केलं असं मृत्युपत्रात लिहायची पद्धत आहे असं कारकून म्हणतो. त्याच्या बहिणीचं तो बघेल. तू सतरा वर्षांची होतीस, बाबांना घाबरत होतीस, हे मला कळतं. मीही चौदाचा होतो आणि फळी धरली होती.

पण फोनवर तू पहिल्यांदा बाबांच्या विरुद्ध काही बोललीस, तेही ते बाहेर गेल्यावर, तेही हळू आवाजात. आता तेच मोठ्याने करायचं आहे. या मृत्युपत्राच्या तीन प्रती मी आजच टपालात टाकतोय. एक बाबांना. एक तुझ्या चष्म्याच्या दुकानावर, म्हणजे बाबा फोडणार नाहीत. तिसरी व्याह्यांना. त्यांना आता कळेल की घर कुणाचं आहे, इंजिनिअर कोण आहे आणि कपाट का अडकलं. त्यावर ते लग्न मोडतील किंवा तुला तुझ्या त्या भाड्याच्या दोन खोल्यांत घेऊन जातील. तिसरी वाट, त्या माडीवर राहण्याची, मी बंद केली आहे. तू मागितलंस तेवढं दिलं. न मागितलेलंही दिलं, ते माझ्या स्वभावात आहे.

तुझ्यावर बाबा ओरडतील. "तुलाच हे सगळं माहीत होतं ना?" असं विचारतील. या वेळी फरशीकडे बघू नकोस.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, क्रेनवाल्याला मोठ्याने वाचून दाखवला. तो म्हणाला, "एवढा राग घेऊन बावीस मजले चढू नकोस, तोल जाईल." म्हणून राग कागदावर उतरवून ठेवला आहे. मृत्युपत्र रद्द करण्याचा हक्क मी राखून ठेवतो, पण कुणी त्या भरवशावर राहू नये.

लिहून देणार: भुंगा. सही उजव्या हाताची, अंगठा डाव्या हाताचा, म्हणजे ओळख पटायला अडचण नको.

साक्षीदार पहिला: क्रेनवाला. सही केली. शेजारी "मी फक्त ऐकलं" असं त्याने लिहिलं आहे, ते राहू द्यावं.

साक्षीदार दुसरा: आमच्या खोलीचा स्वयंपाकी. सही येत नाही, अंगठा. हाताला पीठ होतं म्हणून डाग.

ठिकाण: कामगारांच्या चाळीतली शेवटची खोली. दिनांक: लग्नाला अकरा दिवस बाकी.

सोबत, फक्त ताईच्या पाकिटात: ही लग्नाची भेट समजू नये, आणि खुर्च्यांच्या भाड्यात तर अजिबात घालू नये. लग्न झालं तरी, मोडलं तरी, आणि चार वर्षांनी दुसऱ्याच कुणाच्या हाकेला कंटाळलीस तरी, हे जपून ठेव. तिथून इथवरचं एका माणसाचं, एका बाजूचं, खिडकीजवळच्या जागेचं भाडं: एक हजार आठशे पंचेचाळीस रुपये, रोख.