बिगूल ओठाला

१८ मे १९३६, हॅरो क्रीक, नेब्रास्का

पोचलो एकदाचे. ओमाहापासून गाडीत नुसती धूळ खाल्ली, पण हॉटेल पाहिलं आणि शीण उतरला. मालक टिल्डन सत्तरीचे, पांढरीशुभ्र दाढी, तरी सामान उचलायला स्वतः धावले. मायलोने त्यांना बजावलं की ताईच्या रंगपेटीत विटा आहेत, कंबर सांभाळा. भाऊ माझा तिशीचा घोडा झाला, पण जीभ अजून शाळेतच आहे. हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने त्याला पार पिळून काढलं. आई गेल्यापासून आम्ही दोघंच एकमेकांना. म्हणून तर त्याला बरोबर आणलं. इथे दूध, लोणी, अंडी भरपूर आहेत. तो धडधाकट होऊन परत गेला की मी भरून पावले, चित्र काय, होईलच.

काम असं आहे: जेवणघरात वाइल्ड वेस्टच्या खेळाचं, म्हणजे मैदानात काउबॉय आणि इंडियनांच्या खोट्या लढाया दाखवतात त्याचं, जुनं भिंतभर तैलचित्र आहे. त्याची हुबेहूब नक्कल करायची, टिल्डनच्या मुलीच्या हॉटेलासाठी. संध्याकाळी रुबार्बच्या आंबट देठांचा गोड केक खाल्ला. मायलोने दोनदा मागून घेतला.

२० मे

नकलेसाठी कॅनव्हासवर चौकटी आखून झाल्या. चित्रात टपालाच्या घोडागाडीवर हल्ला चाललाय, धूर, उधळलेले घोडे, मागे प्रेक्षकांनी खच्चून भरलेली गॅलरी. मैदानात सात जण मरून पडलेत, चार गोरे आणि तीन लकोटा जमातीचे इंडियन. कडेला बिगूलवाला उभा, बिगूल कमरेला लटकतंय.

टिल्डन एकोणिसाव्या वर्षी याच खेळात होते, दिवसातून दोनदा मरायचे. लकोटा गडी आपल्यापेक्षा सरस मरायचे असं तेच सांगतात. बिगूल वाजलं की सगळे मेलेले उठायचे, धूळ झटकायचे आणि लोकांना वाकून नमस्कार करायचे. कोणी आजारी असला तर आचाऱ्याला आणून मातीत पाडायचे, पण सात म्हणजे सात. चित्रकाराने बिगूल मुद्दाम खाली ठेवलं, म्हणे, म्हणजे पडलेले पडलेलेच राहतील. मायलो म्हणाला की नुसतं लोळायचा पगार मिळत असेल तर आपल्याला उद्याच चिकटवा.

२३ मे

आज हात शिवशिवला. बिगूलवाल्याची बाजू मला रिकामी वाटत होती. नक्कल करणाऱ्याने शहाणपणा करू नये, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा, आणि मी पंधरा वर्षं तो दुसऱ्यांना शिकवतेय. तरी बिगूल उचलून त्याच्या ओठाला लावलं. छान दिसलं, म्हणून राहू दिलं.

टिल्डन कॉफी घेऊन आले, पाहिलं, आणि कप होता तिथेच ठेवला. हळू आवाजात म्हणाले की हे पुसा. मला राग आला. सोमवारी खरवडीन म्हणून सांगितलं.

२५ मे

सकाळी मूळ चित्रात सहाच माणसं पडलेली होती. तीनदा मोजली. डावीकडच्या जागी नुसती माती. बोट फिरवून पाहिलं, व्हार्निश अखंड आहे. माझ्या नकलेत मात्र सात.

दुपारी पोस्टमन हार्लन दारासमोर रस्त्यात मरून पडला. पालथा, उजवा हात पोटाखाली. डॉक्टर म्हणाले, हृदय. ती ढब मी गुरुवारी काढली होती. डावीकडच्या माणसाची.

चार वाजता मोजली. पुन्हा सात. डावीकडच्याच्या खांद्याला टपालाची पिशवी आहे.

२६ मे

माझं बिगूल खरवडून टाकलं. उपयोग नाही. आता मूळ चित्रात ते ओठाला आहे.

टिल्डन म्हणतात, बिगूल ओठाला गेलं की मेलेले उठणारच; उठलेला परत येत नाही आणि जागा रिकामी ठेवायची नाही. मी म्हटलं, आम्ही निघतो. पण धुळीच्या वादळाने गाड्या बंद आहेत, आणि मायलोला सकाळपासून ताप. खोकला पुन्हा सुरू झालाय. मला फार भीती वाटते. कोणाला सांगू.

२७ मे, सकाळ

दुसरी जागा रिकामी.

टिल्डनना दाखवलं. ते अगदी शांतपणे म्हणाले की पोरी, मला पडायची सवय आहे. हॅट काढून खुंटीला लावली आणि दिवाणखान्यात गालिचावर आडवे झाले. मी हलवलं, हाका मारल्या—

चित्रात आता पांढरी दाढी आहे.

दुपार

तिसरी जागा. हॉटेलची आचारीण पळून गेली. घरात मी आणि वर मायलो, बस. खोकतोय.

त्याला नाही. तो मिळणार नाही तुम्हाला.

मीच भरते जागा. भिंतीवरचा आरसा काढून आणलाय. मूळ चित्रावरच रंगवणार, स्वतःला. मग माझं व्हायचं ते होवो.

नंतर

झालं. भीती वाटते, पण जिवाला बरंही वाटतंय. तो जगेल.

वाट पाहतेय. मला काही होत नाही—

नीट पाहिलं. केस टोपीत कोंबलेले, अंगात कामाचा सदरा. बाईमाणूस दिसतच नाही. आणि हात— जन्मभर ज्याचा चेहरा काढत आले त्याच वळणाने गेला. हनुवटी त्याची. भुवई त्याची. मी मायलो काढलाय—

वर खोकला थांबला.

हाक मारली. ओ नाही.

टर्पेंटाइनचा बोळा आहे हातात, घासतेय, डाव्या हाताने लिहितेय— निघत नाही. आत्ता लावलेला ओला रंग, आणि खडखडीत वाळ—