तीन मिनिटं गप

आबा, पोरीला पाहायला सगळ्यात आधी पोराची आत्याच आली. पोरगा न् त्याचे मायबाप अजून किनवटच्या स्टँडवरच असतील, अन् ही बाई आमच्या बैठकीत पंख्याखाली बसून विचारून राहिली, "पोरगी जहाजावर करते तरी काय?" पोरगी म्हणजे माझ्या लेकाची लेक, तुमची पणती. तुम्ही तिला पाहिलंच न्हाई. साडीत लई देखणी दिसत होती! सगळे जमले, पोहे झाले, मग तिनंच सांगितलं, "समुद्रात वायरलेसचा सोळा नंबरचा चॅनल मोकळा ठेवायचा. त्यावर गप्पा न्हाईत. बुडणारा तिथंच हाक मारतो, म्हणून आमचा कान कायम तिकडं. पूर्वी तर वायरलेसच्या खोलीत घड्याळावर लाल पट्टे असायचे. दर अर्ध्या तासाला काटा तिथं आला की सगळ्या जहाजांनी तीन मिनिटं गप व्हायचं. कोणाची बारीक हाक असली तर कळावी म्हणून."

आत्या म्हणाली, "अगं बाई! आमच्यात कोणी तीन मिनिटं गप बसलं तर शेजारीण धावत येते, काय झालं म्हणून!" सगळे हसले. मीबी हसले, अन् चहाचं निमित्त करून आत गेले.

किल्लारीत भूकंपानं आपलं घर बसलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सासरहून पोचले. शेजारचे काका म्हणाले, "काल दगडाखालून कायतरी ऐकू आल्यासारखं वाटलं." पण मग ट्रक आले, जीपा आल्या, भोंगे आले, अन् गावभर रडणं. ज्याचं त्याचं माणूस गाडलेलं, कोणी कोणाला गप म्हणावं? तुमचा आवाज तर जन्माचाच बारीक. माय म्हणायची, "मोठ्यानं बोला की, घरात पाव्हणे झोपलेत का?" तुम्हाला काढलं तेव्हा मुठीत दगडाचा तुकडा होता, अन् वरच्या शिळेवर ठोकल्याचे पांढरे वण. किती वेळ ठोकत होता, आबा? तीन मिनिटं मागायची होती त्या गावाला. जास्त न्हाई.

चहा घेऊन बाहेर आले, तर पोराचे वडील म्हणत होते, "लग्नानंतर जहाज सोडावं लागंल. पोरीची जात घरात बरी." माझा लेक माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणाले, "जहाज सुटायचं न्हाई, दादा. कोणीतरी ऐकायला बसलं पाहिजे." आत्याची बशी तोंडापाशीच थांबली. "विचार करून गुरुवारी येतो," म्हणाले वडील. पोरगं बिचारं चपला शोधत दारातच रेंगाळलं.

ते गेल्यावर पोरगी गळ्यात पडली. "आजी, लई भारी बोललीस!" अन् मग हळूच, "पण मुलगा मला आवडलाय गं."

आता काय करू? बोलले ते काय मागं घेणार न्हाई. हा कागद तरी कुठं टाकणार, राहील उशीखाली. पण तुम्हाला म्हणून सांगते, ते यावेत असं मला लई वाटून राहिलंय. गुरुवारी येतो म्हणून गेलेत.